मेजर ठरलं नाही? आधी युनिटांचा हिशेब मांडा

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजचं एक युनिट ४६ डॉलरला पडतं. २०१२च्या उन्हाळ्यापासून हा दर बदललेला नाही. बहुतेक विषय तीन युनिटांचे, म्हणजे विषयामागे १३८ डॉलर. असोसिएट पदवीला ६० युनिटं लागतात, त्यांचे झाले २,७६०. कूपरटिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर चालतात. तिथे युनिट ३१ डॉलरला मिळतं, पण पदवीला ९० युनिटं लागतात. गोळाबेरीज २,७९०, म्हणजे तेवढीच. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, कुठल्याही कॅम्पसवर राज्यातल्या विद्यार्थ्याची एका वर्षाची नुसती फी याच्या पाचपटीच्या घरात जाते. राहणं-जेवण वेगळं.

त्यामुळे बे एरियातल्या मराठी घरांत मुलाचं हायस्कूल संपत आलं आणि पुढचं काही ठरत नसलं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "जाऊ दे कम्युनिटी कॉलेजला. स्वस्त आहे, दोन वर्षांत ठरवेल काय ते." स्वस्त आहे हे खरं. दोन वर्षांत ठरवेल, हे मात्र दोन कारणांनी खरं नाही.

पहिलं कारण साधं आहे: हातात दोन वर्षं नसतातच. यूसी किंवा सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला) तिसऱ्या वर्षात ट्रान्सफर घ्यायची तर अर्ज दुसऱ्या वर्षाच्या पानगळीत भरायचा असतो, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये. त्या अर्जात मेजर लिहावं लागतं आणि त्या मेजरचे पायाभूत विषय झालेले किंवा चालू असलेले दाखवावे लागतात. म्हणजे ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू केलेल्या मुलाकडे ठरवायला तेरा-चौदा महिने असतात. विषय निवडायला तर त्याहून कमी.

दुसरं कारण आकड्यांत दिसतं. २०१७ साली राज्याच्या कम्युनिटी कॉलेज व्यवस्थेने आपली उद्दिष्टं जाहीर केली, तेव्हा असोसिएट पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या खात्यावर सरासरी ८७ युनिटं जमलेली असत. लागतात ६०. ही सरासरी ७९वर आणायची असं उद्दिष्ट ठरलं. म्हणजे उद्दिष्टातसुद्धा १९ युनिटं जादाची धरलेली! ही जादा युनिटं सगळी वाया गेलेली नसतात. मेजर बदलणं, नापास होणं, कधी निव्वळ हौस, असं सगळं त्यात येतं. पण ज्याचं काही ठरलेलं नाही त्याचा सर्वांत मोठा खर्च इथेच होतो, आणि तो फीच्या पावतीवर दिसत नाही. २७ जादा युनिटांची फी १,२४२ डॉलर, म्हणजे फारशी नाही. पण २७ युनिटं म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याचं जवळजवळ एक वर्ष. कॅलिफोर्नियात मोठ्या फास्टफूड साखळ्यांच्या काउंटरवरही एप्रिल २०२४पासून तासाला किमान २० डॉलर मिळतात. त्या दराने वर्षभराची पूर्णवेळ मजुरी ४१,६०० डॉलर होते. पदवीनंतरची नोकरी एक वर्ष उशिरा लागली तर नुकसान त्याहून मोठं.

तेव्हा दिशा न ठरलेल्या मुलाला "तुला काय आवडतं?" हा प्रश्न महिनोन्‌महिने विचारत राहण्यात अर्थ नाही. त्याला माहीत असतं तर त्याने सांगितलं असतं. विचारायचा प्रश्न हा: पुढे काहीही ठरलं तरी कामाला येईल असं आज काय घेता येईल?

पावतीवर आणखी काय येतं

आधी हिशेब पुरा करू. ४६ डॉलरच्या दराखाली छोट्या फिया असतात: आरोग्य सेवेची, विद्यार्थी प्रतिनिधित्वाची, काही ठिकाणी विद्यार्थी केंद्राची. सगळ्या मिळून प्रत्येक सत्राला थोडेच डॉलर. गाडीने जायचं तर पार्किंगचा परवाना. हे किरकोळ आहे.

पुस्तकं किरकोळ नाहीत. लेखा, जीवशास्त्र, रसायनशास्त्र या विषयांचं एखादं पुस्तक किंवा त्याचा ऑनलाइन कोड विषयाच्या फीइतका किंवा त्याहून महाग असू शकतो. पण इथे पैसे सरळ वाचवता येतात. ज्या वर्गात पुस्तकाचा खर्च शून्य आहे, त्याच्यासमोर वेळापत्रकात तशी खूण करणं राज्याच्या कायद्याने कॉलेजांना बंधनकारक आहे. 'झीरो टेक्स्टबुक कॉस्ट' असं लिहिलेलं किंवा चित्र काढलेलं असतं. एकाच विषयाचे चार वर्ग असतील तर आधी हे पाहावं. प्राध्यापकांचे ऑनलाइन 'रेटिंग' नंतर पाहिले तरी चालतील. उरलेली पुस्तकं ग्रंथालयात राखीव ठेवलेली असतात, तिथे बसून वाचता येतात. पहिला वर्ग होईपर्यंत काहीही विकत घेऊ नये.

मुलगा अजून हायस्कूलमध्येच असेल तर खर्च आणखी खाली येतो. हायस्कूलचा विद्यार्थी अर्धवेळ, म्हणजे ११ युनिटांपर्यंत, कम्युनिटी कॉलेजचे वर्ग घेत असेल तर कॅलिफोर्नियात त्याला युनिटाची फी सहसा लागत नाही. अकरावी-बारावीच्या उन्हाळ्यात एक मानसशास्त्र किंवा एक प्रोग्रॅमिंग घेऊन पाहणं, यापेक्षा स्वस्त चाचणी मला माहीत नाही. आपल्याकडचे पालक त्या उन्हाळ्यात एसएटीच्या शिकवणीला शेकडो डॉलर मोजतात. यूसी आणि सीएसयू प्रवेशासाठी एसएटी बघतसुद्धा नाहीत.

४६ डॉलर कोणाला, आणि कोणाला नाही

हा दर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाचा आहे. त्यासाठी सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य असावं लागतं, शिवाय इथेच राहण्याचा इरादा कागदांनी दाखवावा लागतो: लायसन्स, राज्याचं कर विवरणपत्र, भाडेकरार. एच-१बीवर असलेला माणूस आणि एच-४वर असलेली त्याची पत्नी किंवा मुलं या नियमात बसू शकतात. हे अनेकांना ठाऊक नसतं. व्हिसावर आहोत म्हणजे परदेशी दर लागणार असं धरून ते घरी बसून राहतात. बाहेरच्यांना ४६च्या वर साधारण तीनशे-चारशे डॉलर दर युनिटाला द्यावे लागतात, तेव्हा एक अर्ज भरून विचारलेलं बरं.

सरकारी मदतीचं मात्र वेगळं आहे. केंद्राचं पेल अनुदान मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरतं. २०२५-२६ साठी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे, म्हणजे गरजू विद्यार्थ्याची फी फिटून पुस्तकं आणि बसभाडंही निघतं. एच-४वाल्यांना ते मिळत नाही. ज्याच्याकडे आधीच बॅचलर पदवी आहे, मग ती पुणे विद्यापीठाची का असेना, त्यालाही नाही. उत्पन्न जास्त असलेल्या घरांनीही फाफ्सा हा केंद्राच्या मदतीचा अर्ज भरावा, कारण पहिल्यांदाच कॉलेजला येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याची दोन वर्षांची युनिट-फी 'प्रॉमिस' योजनेखाली अनेक कॉलेजं माफ करतात आणि त्यासाठी हा अर्ज भरलेला लागतो. पूर्णवेळ म्हणजे सत्राला किमान १२ युनिटं. पण १२च्या गतीने ६० युनिटं चार सत्रांत होत नाहीत. चार सत्रांत संपवायचं तर १५ घ्यावी लागतात, नाहीतर उन्हाळ्यात भर घालावी लागते. हे साधं गणित प्रवेशाच्या धांदलीत कोणी सांगत नाही.

अर्जात मेजरच्या रकान्यात 'अनडिसायडेड' लिहिण्याचा मोह होतो. ज्याला सरकारी मदत हवी त्याने ते लिहू नये. मदत कुठल्या तरी मान्य अभ्यासक्रमात असलेल्यालाच मिळते, आणि त्या अभ्यासक्रमात न मोजल्या जाणाऱ्या विषयांवर पेलचे पैसे लागू होत नाहीत. त्यातल्या त्यात जवळचं वाटेल ते लिहावं. कम्युनिटी कॉलेजात मेजर बदलायला एक फॉर्म पुरतो. त्याचे पैसे पडत नाहीत आणि कोणी कारणही विचारत नाही. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स सोडून आर्ट्‌सला जायचं म्हणजे घरात सुतक पडायचं. तो धाक इथे घेऊन येऊ नये.

पहिल्या सत्राचे चार विषय

यूसी आणि सीएसयू या दोन्ही विद्यापीठ व्यवस्थांसाठी सामान्य शिक्षणाचा आता एकच आराखडा आहे, कॅल-गेटसी. २०२५च्या पानगळीपासून कॉलेज सुरू करणाऱ्यांना तो लागू झाला. ११ विषय, ३४ युनिटं: इंग्रजी लेखन, चिकित्सक विचार, भाषण, एक गणित, कला आणि मानव्यविद्या दोन, सामाजिक शास्त्रं दोन, विज्ञान दोन आणि त्यांतल्या एकाची प्रयोगशाळा, शिवाय एथ्निक स्टडीज. ६०पैकी निम्म्याहून जास्त युनिटं इथे जातात. म्हणजे मेजर न ठरलेल्या मुलालाही निम्मी पदवी निर्धास्तपणे घेता येते.

पण ही यादी नुसती वरून खाली खरडत गेलं तर ती वाया जाते. यादीतला प्रत्येक विषय एखाद्या मेजरची चाचणीही व्हायला हवा. सामाजिक शास्त्राचे दोन घ्यायचेच आहेत ना? मग एक अर्थशास्त्र घ्यावं, कारण बिझनेसकडे वळायचं झालं तर ते तिथेही मोजलं जातं. दुसरं मानसशास्त्र. विज्ञानात 'विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी' असलेला सोपा विषय आणि मेजरवाल्यांचा कठीण विषय, दोन्ही कॅल-गेटसीत चालतात. फरक असा की सोपा विषय घेतलेल्याला पुढे नर्सिंग किंवा जीवशास्त्र हवंसं वाटलं तर तो विषय तिथे मोजला जात नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागतं. थोडी जरी शक्यता वाटत असेल तर कठीणच घ्यावा.

माझ्या मते पहिलं सत्र असं असावं: इंग्रजी लेखन, गणित, कुतूहल असलेला एक विषय आणि चौथा करिअर नियोजनाचा. हा चौथा विषय काउन्सेलिंग विभाग चालवतो. तो एक ते तीन युनिटांचा असतो आणि हुशार मुलं नाक मुरडतात म्हणून बदनाम आहे. पण त्यात आवडीनिवडीच्या चाचण्या होतात, लोकांना भेटून त्यांच्या कामाबद्दल विचारायला लावतात, आणि शेवटी सत्रवार आराखडा हातात पडतो. चारही विषयांची मिळून साधारण १३ युनिटं धरली तर फी ५९८ डॉलर. हाच सल्ला खासगी सल्लागाराकडून विकत घ्यायला निघालात तर या रकमेत पहिल्या काही भेटीही होणार नाहीत. ज्यांना विषयही घ्यायचा नाही त्यांच्यासाठी अमेरिकेच्या श्रम खात्याचं 'ओनेट' संकेतस्थळ आहे. त्यावरची आवडीची चाचणी फुकट आहे आणि ती थेट व्यवसायांच्या यादीपर्यंत नेते.

गणिताच्या फाट्यावर

बाकी सगळं पुढे ढकलता येतं, गणित नाही. बहुतेक जादा युनिटं आणि जादा सत्रं इथे सुरू होतात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

कॅल-गेटसीचं गणित संख्याशास्त्राने पुरं होतं. मानसशास्त्र, समाजशास्त्र, संज्ञापन, इतिहास, नर्सिंग या दिशांना ते पुरेसं असतं, काहींना तेच हवं असतं. पण इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांना कॅल्क्युलसची साखळी लागते: पहिलं, दुसरं, तिसरं, मग लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. प्रत्येक कडी आधीच्या कडीवर टांगलेली. साखळी चार-पाच सत्रांची आणि अर्जाला सत्रं तीन. अर्थशास्त्र आणि यूसीतलं बिझनेसही कॅल्क्युलस मागतं, थोडं कमी. पहिल्या वर्षी "बघू नंतर" म्हणून संख्याशास्त्र घेतलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर सायन्स आवडलं तर त्याच्या वाट्याला तिसरं वर्ष येतंच.

उलट दिशेला असं नाही. कॅल्क्युलस घेतलेल्याला पुढे इतिहास आवडला तर त्याचं काही बिघडत नाही. कॅल-गेटसीचं गणित त्यात होऊनच गेलेलं असतं. म्हणून ज्याला गणित जमतं आणि ज्याच्या मनात विज्ञान-तंत्रज्ञानाची अंधूक का होईना शक्यता आहे, त्याने पहिल्याच सत्रात कॅल्क्युलसच्या वाटेला लागावं. ज्याला गणिताने हायस्कूलभर छळलं आहे त्याने केवळ बाबा इंजिनीअर आहेत म्हणून त्या वाटेला जाऊ नये. संख्याशास्त्र चांगल्या गुणांनी करावं. ट्रान्सफरच्या अर्जात कॅल्क्युलसच्या 'डी'चा उपयोग शून्य असतो.

एक नवी गोष्ट इथे पालकांनाही माहीत हवी. पूर्वी कम्युनिटी कॉलेजात आलेल्या मुलांना चाचणी घेऊन बीजगणिताच्या उजळणी वर्गांत बसवत, आणि पदवीला न मोजल्या जाणाऱ्या त्या वर्गांत त्यांची सत्रंच्या सत्रं जात. २०१७ आणि २०२२च्या कायद्यांनंतर ते जवळजवळ संपलं. आता हायस्कूलच्या गुणांवरून मुलं थेट ट्रान्सफरच्या पातळीवर बसतात आणि विज्ञान-तंत्रज्ञानाचं मेजर लिहिलेली अनेकदा थेट कॅल्क्युलसमध्ये. सोबत जोडवर्गाची मदत असते, ती घ्यावी. शिकवणी केंद्र फुकट असतं आणि ऑक्टोबरपर्यंत ओस पडलेलं असतं.

कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या यूसी-सीएसयूत कशासाठी मोजला जातो, याचं अधिकृत उत्तर असिस्ट या राज्याच्या संकेतस्थळावर मिळतं. मनात तीन मेजर असतील तर तिन्हींची पानं काढावीत आणि तिन्हींत येणारे विषय अधोरेखित करावेत. पहिलं वर्ष त्यांतून भरावं. तासाभराचं काम आहे, आणि मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या कोणाच्याही सल्ल्यापेक्षा खात्रीचं. इंजिनीअरिंगकडे कल असेल तर मेजरचे विषय आधी आणि सामान्य शिक्षण मागे, हेही त्या पानांवरून कळतं.

ज्यांची दारं लवकर लागतात

नर्सिंगचं नाव मराठी घरांत अजूनही दबक्या आवाजात निघतं, मुलग्यांच्या बाबतीत तर निघतच नाही. अमेरिकेत दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि एनक्लेक्स परीक्षा एवढ्यावर रजिस्टर्ड नर्स होता येतं. केंद्राच्या मे २०२३च्या आकडेवारीत नर्सचा मध्यम पगार वर्षाला ८६,०७० डॉलर होता आणि डेंटल हायजिनिस्टचा ८७,५३०. हायजिनिस्टला बहुतेक ठिकाणी असोसिएट पदवीच लागते. हे आकडे देशाचे आहेत. कॅलिफोर्नियात पगार याहून वर असतात.

मग सगळे तिकडे का जात नाहीत? कारण 'दोन वर्षं' हा नर्सिंगचा अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतरचा हिशेब आहे. त्याआधी शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र, प्रत्येक प्रयोगशाळेसह, आणि बहुधा त्यांच्याही आधी रसायनशास्त्र. तेव्हा एक-दीड वर्ष धराच. मग अर्ज, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त असल्यामुळे कुठे गुणांवर, कुठे सोडतीवर निवड. गणवेश, लस, पार्श्वभूमी तपासणी, स्टेथोस्कोप हे खर्च फीच्या बाहेरचे. आरोग्य क्षेत्राचा नुसता विचार असेल तरी पहिल्या वर्षी मेजरवाल्यांचं जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतलं, की प्रयोगशाळेतल्या तीन तासांत कळतं आपल्याला हे झेपतं का. फूटहिलमध्ये श्वसनोपचार आणि क्ष-किरण तंत्राचे अभ्यासक्रमही आहेत. त्यांची नावं आपल्याकडे कोणी घेत नाही, आणि का घेत नाही हे मला कळलेलं नाही.

सोडायचं तर कधी सोडायचं

दिशा न ठरलेला विद्यार्थी विषय सोडणार, हे धरूनच चालावं. सोडण्यात गैर काही नाही. तारखा मात्र कडक असतात. पूर्ण सत्राचा वर्ग पहिल्या दोन आठवड्यांत सोडला तर फी परत मिळते. त्यानंतर थोडे दिवस असे असतात की पैसे जातात पण गुणपत्रिकेवर काही उमटत नाही. मग सत्राच्या तीन-चतुर्थांशापर्यंत 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, मिळतो. त्याही पुढे बसून राहिलं तर जो येईल तो शेरा. प्रत्येक वर्गाच्या तारखा विद्यार्थ्याच्या पोर्टलवर असतात. त्या फोनच्या कॅलेंडरात पहिल्याच दिवशी टाकाव्यात.

एखाद-दुसरा 'डब्ल्यू' कोणी मनावर घेत नाही. पण एकच विषय साधारण तीनदाच घेता येतो आणि त्यात 'डब्ल्यू'ही मोजला जातो. मदत घेणाऱ्यांना आणखी जपावं लागतं: घेतलेल्या युनिटांपैकी साधारण दोन-तृतीयांश पुरी व्हायला हवीत, सरासरी २.० हवी, आणि सत्राचा ६० टक्के काळ पुरा होण्याआधी सगळेच वर्ग सोडले तर मिळालेल्या पैशांतला काही भाग परत द्यावा लागतो. मुलगा न सांगता वर्गाला जाणं बंद करतो आणि सहा महिन्यांनी कॉलेजचं देणं पोस्टाने येतं, तेव्हा ते याचंच असतं.

आणि हो, पालकांनी काउन्सेलरला फोन करून "आमच्या चिरंजीवांचं कसं चाललंय" असं विचारून उपयोग नाही. १९७४च्या केंद्रीय कायद्याने कॉलेजातले गुण आणि नोंदी विद्यार्थ्याच्या मालकीच्या आहेत, त्याचं वय सतरा असलं तरी. मुलाने लेखी संमती दिली तरच बोलता येतं. फी तुम्ही भरता, हे कारण चालत नाही.

आईला शिकायचं असेल तर

एच-४वर आलेल्या, भारतात बीकॉम किंवा बीई झालेल्या बायका कम्युनिटी कॉलेजच्या वर्गांत पुष्कळ दिसतात. एच-४वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, अर्धवेळही चालतं. काम करायला मात्र ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, लागतं, आणि ते नवऱ्याच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया ठराविक टप्प्यावर पोचली असेल तरच मिळतं. त्यांचा प्रश्न वेगळा आहे: पुन्हा पदवी घ्यायची का? बहुधा नाही. आधी भारतातल्या गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन करून घ्यावं, साधारण दोनशे डॉलर लागतात. मग गरजेपुरते विषय किंवा प्रमाणपत्र घ्यावं. बीकॉमवाल्यांना अमेरिकी करआकारणी आणि लेखाचे चार-पाच विषय पाच-सातशे डॉलरमध्ये होतात. तेवढ्यासाठी दहा-पंधरा हजारांचे खासगी 'बूटकॅम्प' घेऊ नयेत, निदान १३८ डॉलरचा प्रोग्रॅमिंगचा पहिला वर्ग करून पाहिल्याशिवाय तरी.

एच-४वरच्या मुलांचा घोर निराळा. एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो, आणि मग एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतला तर रहिवासी दर जाण्याची शक्यता असते. अशा घरात 'सावकाश ठरव' हा सल्ला परवडत नाही. विसाव्या वाढदिवसाआधीच कॉलेजच्या रहिवास कार्यालयाशी आणि वकिलाशी बोलून ठेवावं.

न्यू जर्सी, आणि महाराष्ट्रातून

एडिसनकडच्या वाचकांसाठी थोडक्यात. तिथे कॉलेजं काउंटीची असतात, दर काउंटीच्या रहिवाशांना कमी, तरीही कॅलिफोर्नियापेक्षा बराच जास्त. पण हायस्कूलच्या वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलाची फी एनजे स्टार्स योजनेत माफ होते, आणि ६५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना राज्याचं वेगळं अनुदान आहे. तिथली मोठी मेख पदवीच्या नावात आहे: एए किंवा एएस पदवी राज्याच्या सरकारी विद्यापीठांत करारानुसार पूर्ण स्वीकारली जाते, एएएसला तो करार लागू नाही. एएएस नोकरीसाठी आहे. मेजर ठरलं नसेल तर ती घेऊ नये.

पुण्या-नाशिकहून मुलाला एफ-१वर थेट अमेरिकी कम्युनिटी कॉलेजला पाठवण्याच्या जाहिराती हल्ली दिसतात. वर्षाला २४ युनिटं, दर युनिटाला चारशेच्या आसपास, म्हणजे साडेनऊ हजार डॉलर फी. त्यावर राहणं-खाणं आणि सक्तीचा आरोग्य विमा. प्रत्येक सत्राला १२ युनिटं घ्यावीच लागतात आणि त्यांत ऑनलाइनचा एखादाच वर्ग धरला जातो. दोन वर्षांची असोसिएट पदवी भारतात पदवीच्या बरोबरीची मानली जात नाही, त्यामुळे ट्रान्सफर झाली नाही तर हातात काही उरत नाही. ज्याचं मेजर ठरलं आहे आणि चार वर्षांचे पैसे तयार आहेत, त्याच्यासाठी हा रस्ता ठीक आहे. 'तिथे जाऊन ठरवेल' म्हणणाऱ्याने पाठवू नये.

तारखा

फाफ्सा साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. कॅल ग्रँट या राज्याच्या अनुदानाची मुदत मार्चच्या सुरुवातीला असते, कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सप्टेंबरच्या सुरुवातीची दुसरी मुदतही असते. यूसीचे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पुऱ्या करणाऱ्याला प्रवेशाची हमी देतात. तो 'टॅग' अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्येच आणि एकाच कॅम्पससाठी भरता येतो, आणि तोवर ३० सेमिस्टर युनिटं झालेली लागतात. काही मेजरना ही हमी नाही, कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनीअरिंग त्यांत पुष्कळ ठिकाणी येतात. सीएसयूसाठी 'एडीटी' नावाची ट्रान्सफर पदवी घेतली तर व्यवस्थेत कुठेतरी जागा नक्की, हव्या त्याच कॅम्पसवर असं नाही.

काउन्सेलरची अर्ध्या तासाची भेट फुकट असते. ऑगस्टमध्ये ती मिळत नाही, रांगा लागलेल्या असतात. प्रवेशपत्र आलं की मे-जूनमध्येच वेळ घ्या, असिस्टवरची तीन मेजरची पानं छापून न्या, आणि मुलाला एकट्याला आत पाठवा.